प्रेशर वॉशर घ्यायचाय? आधी पार्किंगमध्ये उतरा

गणपतीला कोकणात जाऊन आलेली गाडी कशी दिसते, हे ठाण्यात कुणाला सांगायला नको. पत्र्यावर धूळ असतेच, पण मडगार्डच्या आत लाल मातीचा थर वाळून विटेसारखा घट्ट झालेला असतो. रोज गाडी पुसायला येणारा मुलगा बादली-फडकं घेऊन त्याच्या वाटेला जात नाही, आणि त्या पैशांत जावं अशी अपेक्षाही नाही. दोन वर्षांपूर्वी अशाच एका परतीनंतर मी तिरीमिरीत प्रेशर वॉशर, म्हणजे जोरदार धारेने पाणी मारून गाडी धुणारं मशीन, मागवला. खोक्यावर ठळक अक्षरांत १३० बार (बार म्हणजे दाबाचं माप). खाली नेल्यावर कळलं की स्टिल्ट पार्किंगमधला सगळ्यात जवळचा प्लग मीटर रूमच्या दाराशी आहे, तोही छोटा. नळ बरोबर उलट्या टोकाला. वॉचमनने शांतपणे विचारलं, "साहेब, गाडी तिकडे नेणार की भिंत इकडे आणणार?"

ते मशीन परत गेलं. दुसरं घेतलं ते पार्किंग बघून. तुम्हीही त्याच क्रमाने जा.

पहिलं काम: प्लग बघा

घरगुती वॉशर साधारण १४०० ते २००० वॅटचे असतात. १७०० वॅटला आपल्या २३० व्होल्टवर साडेसात अँपियरच्या आसपास करंट लागतो. म्हणजे मोबाइल चार्जर लावतो तो ६ अँपियरचा प्लग चालणार नाही. गिझरसाठी असतो तसा मोठा, १६ अँपियरचा प्लग हवा. कन्व्हर्टर पिन लावून छोट्या प्लगमध्ये खुपसण्याचा मोह होतो. प्लग तापून वितळतो, दुसरं काही होत नाही.

गाडीपासून प्लगपर्यंतचं अंतर पावलांनी मोजा. मशीनची स्वतःची वायर बहुतेक वेळा ५ मीटरच्या आसपास असते. एक्स्टेंशन लागणारच असेल तर वायरमनकडून २.५ स्क्वेअर एमएमची, तीन कोअरची तांब्याची वायर बनवून घ्या, आणि वापरताना ती पूर्ण उलगडा. गुंडाळी तशीच ठेवून चालवली की आतल्या आत तापते. लाइनवर ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी (करंट गळू लागला की वीज तोडणारा स्विच) आहे का, अर्थिंग आहे का, हेही त्यालाच तपासायला सांगा. पाणी आणि वीज एकत्र हाताळायची आहे. इथे पाचशे रुपये वाचवू नका.

प्लग कॉमन मीटरवर असेल तर सेक्रेटरींशी आधी बोला. पंधरा मिनिटांत पाव ते अर्धा युनिट जातं, रक्कम चिल्लर आहे. पण भांडण रकमेवरून होत नाही, न विचारण्यावरून होतं.

दुसरं: पाणी कुठून येणार आणि कुठे जाणार

नळ असेल तर त्याखाली २० लिटरची बादली ठेवून घड्याळ लावा. दोन मिनिटांत भरली, तर नळ मिनिटाला १० लिटर देतो. घरगुती मशीनला ५ ते ७ लिटर लागतात, म्हणजे काम झालं. चार मिनिटं लागली तर पंप उपाशी राहील. उपाशी पंप थरथरतो, आवाज बदलतो आणि लवकर मरतो.

नळ नसेल, तर बादलीतून पाणी ओढणारं मशीन शोधा. वर्णनात 'सेल्फ प्रायमिंग' किंवा 'सेल्फ सक्शन' लिहिलेलं असतं. सगळ्या मशीनना हे जमत नाही, आणि दुकानदार मात्र सगळ्यांना जमतं म्हणून सांगतो. लिहिलेलं दाखवा म्हणायचं. ओढायच्या पाइपच्या टोकाला जाळी हवी, आणि बादली मशीनच्या पातळीला किंवा थोडी वर ठेवायची.

आता एक गोष्ट जाहिरातीत सापडणार नाही. 'पाणी वाचतं' हे नळाच्या उघड्या पाइपशी तुलना केली तर खरं. मिनिटाला ६ लिटरच्या मशीनचा ट्रिगर एकूण १० मिनिटं दाबला, तर ६० लिटर म्हणजे तीन बादल्या गेल्या. पुसणारा मुलगा एका बादलीत गाडी काढतो. मोरबे हे स्वतःचं धरण असल्यामुळे नवी मुंबईकर पाण्याच्या बाबतीत जरा ऐटीत असतात, पण घोडबंदर रोडवर ज्या सोसायट्यांत उन्हाळ्यात टँकर येतो, तिथे रविवारी सकाळी सर्वांदेखत गाडीवर फवारा मारणं म्हणजे पुढच्या एजीएमचा, सोसायटीच्या वार्षिक सभेचा, विषय स्वतःच देणं. मी पावसाळ्यात आणि प्रवासाहून आल्यावरच मशीन काढतो. एरवी बादली.

पोडियम पार्किंग (खाली आणखी मजला असलेलं) असेल तर उतार आणि पाणी जाण्याची जाळी बघून घ्या. साचलेलं पाणी खालच्या मजल्यावरच्या गाडीच्या टपावर ठिबकतं, आणि तिथून जे पांढरे डाग पडतात ते सहज निघत नाहीत.

दोन्हींपैकी काहीच नाही, प्लगही नाही आणि नळही नाही? मग बॅटरीवरची हातात धरायची गन बघा. तिचा जोर विजेवरच्या मशीनच्या जवळपासही नसतो. स्कूटर आणि वरवरची धूळ, एवढंच तिचं काम. वाळलेल्या लाल मातीपुढे ती हात टेकते.

तिसरं: खोक्यावरचे आकडे

प्रेशर बारमध्ये किंवा पीएसआयमध्ये लिहितात. १ बार म्हणजे साडेचौदा पीएसआय. १५०० पीएसआय ऐकायला भारी, पण तो जेमतेम १०३ बार. शिवाय ठळक छापलेला आकडा बहुधा कमाल प्रेशरचा असतो. प्रत्यक्ष काम ज्यावर होतं तो 'वर्किंग' किंवा 'रेटेड' प्रेशर बारीक अक्षरांत, बराच कमी. कारसाठी वर्किंग प्रेशर ८० ते १०० बार भरपूर झाला. त्यापुढचा जोर अंगणातली शेवाळलेली फरशी खरवडायला, आणि आपल्यापैकी कितीजणांना अंगण आहे?

पाण्याचा आकडा मात्र नीट वाचा. तो कधी तासाला लिटर असा देतात: ३६० लिहिलं असेल तर ६० ने भागा, मिनिटाला ६ लिटर. प्रेशर माती सुटी करतं, पण ती वाहून नेतं पाणी. दोन मशीनचा प्रेशर सारखा असेल तर जास्त पाणी देणारं घ्या, अर्थात तुमचा नळ तेवढं देत असेल तर.

चौथं: मोटर, पाइप, वजन

मोटर दोन जातींची. कार्बन ब्रशची युनिव्हर्सल मोटर हलकी, स्वस्त आणि मिक्सरसारखी किंचाळणारी. इंडक्शन मोटर जड, महाग, पण आवाज कमी आणि आयुष्य जास्त. महिन्यातून दोनदा एक कार धुणाऱ्याला ब्रशची मोटर पुरते; सलग किती वेळ चालवायची ते पुस्तिकेत दिलेलं असतं, तेवढं पाळा. घरात दोन-तीन गाड्या असतील तर इंडक्शन. पण मशीन चौथ्या मजल्यावरून लिफ्टने आणून परत न्यायचं आहे हे लक्षात ठेवा. सहा-सात किलो आणि वीस किलो यांत सोमवारी कंबरेला फरक कळतो.

प्रेशरचा पाइप किमान ८ मीटरचा बघा. ५ मीटरच्या पाइपने कारला पूर्ण वळसा होत नाही, मग मशीन फरफटत न्यावं लागतं आणि ते हमखास कलंडतं. ट्रिगर सोडला की मोटर आपोआप थांबण्याची सोय हवीच. गनचे जोड सर्रास मिळणारे आहेत का आणि सर्व्हिस सेंटर ठाण्यात किंवा वाशी-बेलापूरकडे आहे का, हे पैसे देण्याआधी फोन करून विचारा. जोडातली एक रबरी चकती फाटली म्हणून सहा महिने पडून असलेली मशीन मी आमच्याच इमारतीत दोन पाहिली आहेत.

घरी आणल्यावर

परत करायची मुदत संपायच्या आत एकदा पूर्ण गाडी धुऊन बघा. आधी पाणी सुरू करा, मोटर बंद ठेवून ट्रिगर दाबा, बुडबुडे थांबून सरळ धार आली की मगच बटण. पायांत रबरी चप्पल.

नोझल (गनच्या टोकाला लावायची तोंडं) रंगांची असतील तर लाल म्हणजे शून्य अंशाची सुईसारखी धार. ते डब्यातच राहू द्या. हिरवं २५ अंशांचं, पांढरं ४० अंशांचं, पत्र्याला पांढरं. सुरुवात हातभर लांबून करा आणि ३० सेंटिमीटरच्या आत जाऊ नका, टायरच्या बाजूला तर नाहीच. पुन्हा रंगवलेला पॅनेल, स्टिकरच्या कडा, दाराचं रबर, रेडिएटरची जाळी आणि बॉनेटच्या आतला भाग यांना धार दाखवायची नाही. स्कूटर-बाइकवर चाकाचे बेअरिंग, मीटर आणि सायलेन्सरचं तोंड वाचवा.

क्रम असा: आधी चाकं आणि मडगार्डचा आतला भाग भिजवून पाच मिनिटं सोडा, मग धार. आतून लाल पाणी यायचं थांबलं की वरचा पत्रा घ्या, टपापासून खाली. शाम्पू त्यानंतर, माती अंगावर असताना फडकं फिरवलं की रंगावर गोल ओरखडे उठतात. बोअरचं पाणी असेल तर उन्हात वाळू देऊ नका, लगेच मायक्रोफायबरने टिपा.

काम झालं की मोटर बंद, नळ बंद, आणि ट्रिगर दाबून पाइपमध्ये अडकलेला प्रेशर सोडा. मगच जोड काढा. हे मी एकदा विसरलो, आणि वॉचमनची सकाळची दुसरी अंघोळ झाली.