डोंगरातला पर्माफ्रॉस्ट किती जाड? हिशेबातल्या या चुका टाळा

सलग किमान दोन वर्षं शून्य अंशाच्या वर न गेलेली जमीन म्हणजे पर्माफ्रॉस्ट, मग ती माती असो वा खडक. तिची जाडी काढताना पुष्कळजण फक्त उंची बघतात: दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंश कमी, म्हणजे जितकं उंच तितका जाड थर. पण आल्प्समध्ये एकाच उंचीवरच्या उत्तर आणि दक्षिण कड्यांच्या वार्षिक सरासरी तापमानात ७-८ अंशांपर्यंत फरक असतो. कड्याचं तोंड कुठे आहे, यावरच हजार मीटरची उंची कमावली किंवा गमावली जाते.

दुसरी चूक भागाकाराची, आणि मला तीच जास्त घातक वाटते. पृष्ठभाग उणे ३ अंश, खाली दर १०० मीटरला ३ अंश वाढ, म्हणजे थर १०० मीटर. सपाट मैदानावर हे बऱ्यापैकी जुळतं. डोंगराच्या धारेवर मात्र उष्णता नुसती खालून वर येत नाही, उन्हाच्या बाजूकडून सावलीच्या बाजूकडे आडवीही सरकते. वहीत डोंगराचा त्रिकोण काढून समान तापमानाच्या रेषा आखा. माथ्याजवळ त्या जवळजवळ उभ्या होतात. मग जाडी मोजायची कुठून कुठे? शिवाय अशा धारेत ऊब दोन्ही अंगांनी शिरते. जुलै २००३च्या उकाड्यात आल्प्समधल्या मॅटरहॉर्न शिखराच्या हॉर्नली धारेवर दरड कोसळली आणि मागे उघडा बर्फ दिसला. गिर्यारोहकांची नेहमीची वाट तीच.

हिमाचंही नीट बघा. लवकर पडलेलं जाड हिम गोधडीसारखं जमिनीची ऊब धरून ठेवतं. मोठ्या धोंड्यांच्या राशीत उलट थंड हवा मुरते, त्यामुळे अपेक्षेपेक्षा कमी उंचीवरही जमीन गोठलेली राहते. आणि उन्हाळ्यात वितळणारे वरचे काही मीटर पर्माफ्रॉस्टच्या जाडीत धरू नका.

आजच्या हवामानावरून खोलवरचा थर ठरवणं हीसुद्धा चूकच. पृष्ठभागावरचा बदल १०० मीटर खाली पोचायला शतकं लागतात. तळाशी जुन्या काळाची थंडी अजून शिल्लक असते.

स्वित्झर्लंडमध्ये कोर्वाच शिखराजवळच्या मुर्तेलला १९८७मध्ये बोअर घेऊन तापमान नोंदवायला सुरुवात झाली. अशा नोंदी वाचताना आकडा शून्याच्या जरा खाली वर्षानुवर्षं अडकलेला दिसला, तर निश्चिंत होऊ नका. आत येणारी उष्णता तेव्हा बर्फ वितळवण्यात खर्च होत असते, म्हणून पारा हलत नाही. तिथे जमिनीचा विद्युतरोधही मोजावा. बर्फाचं पाणी होऊ लागलं की तो घटतो.