हाताचा हिशेब, घराचा हिशेब: बेसबॉलमध्ये कारकीर्द करायची तर या चुका टाळा

न्यू जर्सीत किंवा बे एरियात मराठी घरातलं पोर बेसबॉलमध्ये जरा चमकायला लागलं, की बापाचा पहिला प्रश्न ठरलेला: "स्पीड किती निघतो?" पंधरा दिवसांत घरात रडार गन येते. आज पोरानं किती पिच (पिचरनं बॅटरकडे फेकलेले चेंडू) टाकल्या, परवा शाळेच्या टीमकडून किती टाकल्या, असं विचारलं तर मात्र आई बापाकडे बघते आणि बाप पोराकडे. मोठमोठ्या व्यावसायिक खेळाडूंची वाट लागली ती बऱ्याचदा अशाच न केलेल्या हिशेबांनी. तेव्हा आधी हिशेब, स्पीडचं नंतर बघू.

फक्त मॅचमधल्या पिच मोजणं

लिटल लीगनं (लहान मुलांच्या बेसबॉलची संघटना) २००७ पासून इनिंगऐवजी पिच मोजायला सुरुवात केली. दिवसाची मर्यादा ७-८ वयाला ५०, ९-१० ला ७५, ११-१२ ला ८५ आणि १३ ते १६ ला ९५. विश्रांतीचंही कोष्टक आहे. १४ वर्षांपर्यंतच्या मुलानं २० पर्यंत पिच टाकल्या तर सुट्टीची गरज नाही, २१ ते ३५ ला एक दिवस, ३६ ते ५० ला दोन, ५१ ते ६५ ला तीन आणि ६६ च्या पुढे चार दिवस.

एवढं पालकांना पाठ असतं. घोळ पुढे होतो. लीगचा स्कोअरर आपल्याच मॅचच्या पिच लिहितो. मंगळवारी लिटल लीगमध्ये ६० पिच झाल्या आणि गुरुवारी ट्रॅव्हल टीमनं त्याच पोराकडून ५५ टाकून घेतल्या, तर दोन्ही कागद स्वच्छ असतात. हात मात्र एकच असतो. तीन दिवसांची विश्रांती कुठल्याच कोचनं मोडली नाही आणि तरी ती मोडली.

दुसरी गंमत म्हणजे स्कोअरबुकात न येणारे थ्रो. मॅचमध्ये ७० पिच टाकणारं पोर त्याआधी बुलपेनमध्ये (पिचरच्या वॉर्मअपच्या जागेत) २५-३० टाकतं. प्रत्येक इनिंगच्या सुरुवातीला सरावाच्या आठ, म्हणजे पाच इनिंगच्या चाळीस. चेंडू हातातून १३५-१४० वेळा गेला आणि वडील घरी सांगतात, "सत्तरच झाल्या." वर कोच त्यालाच कॅचर (बॅटरमागे बसून पिच झेलणारा) म्हणून बसवू पाहतो. ४१ किंवा जास्त पिच टाकलेल्या मुलाला त्या दिवशी कॅचिंग करता येत नाही, असा लिटल लीगचा स्पष्ट नियम आहे. कोच विसरला तर मैदानात जाऊन सांगा. वाईटपणा येईल, येऊ द्या.

यावर उपाय साधा आहे: दोनशे पानी वही, पोराच्या किटबॅगेत. सहा रकाने आखायचे. तारीख, टीम, मॅचच्या पिच, बाकीचे जोरातले थ्रो, दुसऱ्या दिवशी सकाळी कुठं दुखलं, आणि पुढची पिचिंगची तारीख. हा शेवटचा रकाना त्याच रात्री भरायचा, दुसऱ्या टीमच्या कोचचा फोन यायच्या आत. फोनवरची अ‍ॅप आहेत, पण अ‍ॅप बापाच्या खिशात राहतं आणि पोर मैदानाच्या दुसऱ्या टोकाला. वही पोरानंच लिहावी. बारा वर्षांच्या मुलाला तेवढं जमतं.

वर्षाचाही हिशेब आहे. मेजर लीगच्या (अमेरिकेतली सर्वोच्च व्यावसायिक लीग) 'पिच स्मार्ट' मार्गदर्शनात ९ ते १२ वयाला वर्षाला ८० इनिंग आणि त्यापुढच्या मुलांना १०० अशी मर्यादा आहे, आणि वर्षातले किमान चार महिने फेकणं बंद, त्यातले दोन-तीन सलग. कॅलिफोर्नियात हवा छान, म्हणून पोरं बाराही महिने फेकतात. न्यू जर्सीत बर्फ फुकट सुट्टी देतो, तर लोक पैसे भरून इनडोअर केजमध्ये ती घालवतात.

दुखणं कुठलं हेही ओळखायला शिका. खांद्याच्या मागे किंवा दंडात दुसऱ्या दिवशी अवघडल्यासारखं वाटणं एक-दोन दिवसांत जातं. कोपराच्या आतल्या बाजूच्या हाडावर बोट दाबल्यावर दुखलं, करंगळीत मुंग्या आल्या, हात पूर्ण सरळ होईना, तर फेकणं त्याच दिवशी बंद आणि हाडांच्या डॉक्टरकडे. लहान मुलांत कोपराच्या वाढीची कूर्चा लिगामेंटपेक्षा (हाडं जोडणाऱ्या बंधापेक्षा) कच्ची असते, त्यामुळे ताण आधी तिच्यावर येतो. तिथं वेदनाशामक गोळी देऊन मॅच खेळवणारे पालक असतात. त्यांना काय म्हणावं! माउंडवर (पिचर उभा राहतो त्या उंचवट्यावर) आणखी दोन खुणा दिसतात. पिच एकामागून एक उंच जायला लागतात, आणि पोर दोन पिचच्या मधे हात झटकतं. कोचला पाठ असलेला आकडा अजून पुरा झाला नसला तरी त्याला काढा.

"ऑपरेशन करून घेऊ, स्पीड वाढेल"

नाही वाढत. पिचर टॉमी जॉनच्या नावाचं हे ऑपरेशन डॉ. फ्रँक जोब यांनी सप्टेंबर १९७४ मध्ये पहिल्यांदा केलं. कोपराच्या फाटलेल्या लिगामेंटच्या जागी त्याच्याच दुसऱ्या हातातला स्नायूबंध बसवला. जॉननं १९७५ चा अख्खा हंगाम गमावला, १९७६ मध्ये परत आला आणि १९८९ पर्यंत खेळला. त्याच्या २८८ विजयांपैकी १६४ ऑपरेशननंतरचे. लोक हा शेवटचा आकडा धरून बसतात आणि मधलं कोरं वर्ष विसरतात. आजही पिचरला परतायला साधारण १२ ते १८ महिने लागतात. परतल्यावर स्पीड वाढलेला दिसला, तर तो त्या वर्षभरात पाय, कंबर आणि खांद्यावर केलेल्या व्यायामाचा. तो व्यायाम कोपर न फाडताही करता येतो.

स्पीड आला म्हणजे खेळ आला

उत्तर प्रदेशातले भालाफेकपटू रिंकू सिंग आणि दिनेश पटेल २००८ मध्ये 'मिलियन डॉलर आर्म' या स्पर्धेतून निवडले गेले. रिंकूनं ताशी ८७ मैलांचा थ्रो काढला, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पिट्सबर्ग पायरेट्सनं दोघांना करारबद्ध केलं. मेहनतीत दोघं कमी पडले नाहीत. पण बेसवरच्या रनरला जागेवर धरून ठेवणं, उजवीकडे ग्राउंडर (जमिनीलगतचा चेंडू) गेला की धावत जाऊन फर्स्ट बेस सांभाळणं, कॅचरच्या बोटांच्या खुणा वाचणं, हे अमेरिकेतलं पोर सातव्या-आठव्या वर्षापासून शिकतं. यांना ते विशीत शिकावं लागलं. मेजर लीगपर्यंत दोघंही पोचले नाहीत. घरात रडार गन आणणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवलं तरी पुष्कळ.

"दुखतंय, पण खेळतो"

या वाक्याला टाळ्या वाजवणाऱ्यांनी बॉस्टन रेड सॉक्सचा फर्स्ट बेसवरचा खेळाडू बिल बकनर याचं प्रकरण नीट बघावं. २५ ऑक्टोबर १९८६, न्यूयॉर्कचं शे स्टेडियम, वर्ल्ड सीरीजची (मेजर लीगची अंतिम मालिका, चार मॅच जिंकणारा विजेता) सहावी मॅच, दहावी इनिंग. बॉस्टन रेड सॉक्स मालिकेत ३-२ नं आणि मॅचमध्ये ५-३ नं पुढे, न्यूयॉर्क मेट्सचे दोन आउट झालेले, तिसरा झाला की मालिका बॉस्टनची. मग लागोपाठ तीन सिंगल, त्यात एक रन. बॉस्टनच्या बॉब स्टॅन्लीच्या वाइल्ड पिचवर (कॅचरला न आवरलेल्या, भरकटलेल्या पिचवर) दुसरा रन येऊन बरोबरी. आणि मूकी विल्सनचा फर्स्ट बेसच्या रेषेलगतचा साधा ग्राउंडर बकनरच्या पायांमधून मागे गेला. मेट्स ६-५ नं जिंकले. सातवी मॅचही त्यांनीच ८-५ नं घेतली.

लोक म्हणतात बकनरनं वर्ल्ड सीरीज घालवली. पण चेंडू सुटायच्या आधीच बरोबरी झाली होती, आणि सातवी मॅच बाकी होती. खरी चूक त्या चेंडूच्या आधीची. बकनर ३६ वर्षांचा होता आणि त्याचा घोटा १९७५ पासून बिघडलेला. त्या हंगामात त्यानं १०२ आरबीआय (आपल्या फटक्यांवर संघाला मिळवून दिलेले रन) काढले, पण पटकन खाली वाकणं त्याला जड जात होतं. हे बॉस्टनलाही ठाऊक होतं. मालिकेत जिंकलेल्या तिन्ही मॅचमध्ये शेवटी त्याला बाहेर काढून डेव्ह स्टेपल्टनला फर्स्ट बेसवर आणलं होतं. त्या रात्री मॅनेजर जॉन मॅकनमारा यांनी बकनरला मैदानातच ठेवलं.

२२ हंगाम, २,७१५ हिट, १९८० चा बॅटिंगचा किताब, यातलं पुढे कोणी काही विचारलं नाही. टोमणे घरापर्यंत आले. नव्वदच्या दशकात तो बायकोमुलांना घेऊन बॉस्टन परिसर सोडून आयडाहोला राहायला गेला. ८ एप्रिल २००८ रोजी फेनवे पार्कवर पहिला चेंडू टाकायला त्याला बोलावलं तेव्हा अख्खं मैदान उभं राहिलं. त्या दिवशी तो म्हणाला, की माफ करायचं होतं ते प्रेक्षकांना नव्हे, माध्यमांना. त्याच्या आणि त्याच्या कुटुंबाच्या वाट्याला त्यांनी जे आणलं त्याबद्दल. मधे बावीस वर्षं गेली होती.

तेव्हा खेळाडूला "फिट आहेस ना?" असं विचारूच नये. तो हो म्हणणार. त्यापेक्षा करून दाखवायला सांगा: प्रत्येक पायावर दहा उड्या, दोन्ही बाजूंना दहा-दहा पावलं आडवं सरकणं, आणि ग्लोव्हची बोटं मातीला टेकवून दहा वेळा उठणं. तिसऱ्यांदाच तोंड वाकडं झालं तर सातव्या इनिंगनंतर त्याला काढायचं, हे मॅचच्या आधीच कागदावर लिहायचं. मॅच रंगात आली की कोणाचंच डोकं ठिकाणावर नसतं. घरातल्यांचंही ऐका. सकाळी जिन्याच्या कठड्याला धरून तो एकेक पायरी कसा उतरतो, हे बायकोला किंवा आईला ट्रेनरच्या आधी कळतं.

आणि मोठी चूक झालीच, तर त्या रात्री मोबाइल बंद. मुलं शाळेत जाणारी असतील तर तिथं काय कानावर येईल ते सकाळी नाश्त्यालाच त्यांना सांगून टाका. दुसऱ्याच्या तोंडून ऐकण्यापेक्षा ते बरं.

किरकोळ दिसणाऱ्या चुका

ग्राउंडरला ग्लोव्ह आधी खाली, मग चेंडूबरोबर वर. वरून खाली आणलेला ग्लोव्ह उशिरा पोचतो.

क्रिकेटमधून आलेली मुलं गुडघा जमिनीवर टेकवून चेंडू अडवतात. आउटफिल्डमध्ये बेसवर कोणी नसताना चालेल, इनफिल्डमध्ये नाही. उठून फेकेपर्यंत रनर बेसवर पोचलेला असतो.

मॅच जिंकली असं वाटलं तरी बेसला पाय लावूनच वळा. २३ सप्टेंबर १९०८ रोजी न्यूयॉर्क जायंट्सचा १९ वर्षांचा फ्रेड मर्कल सेकंड बेसपर्यंत गेलाच नाही, म्हणून जिंकलेली मॅच बरोबरीत धरली गेली. ती पुन्हा खेळवली तेव्हा शिकागो कब्जनं जिंकली आणि लीगचं विजेतेपदही नेलं.

सट्टा? आपल्या टीमच्या मॅचवर लावला तर कायमची बंदी. पीट रोझवर ती १९८९ मध्ये आली, तुकुपिता मार्कानोवर २०२४ मध्ये. यावर आणखी काय बोलायचं.

साइनिंग बोनसला पगार समजणं

करारावर सही करताना मिळणारा हा बोनस एकदाच मिळतो. समजा दीड लाख डॉलर मिळाले. एजंटचे पाच टक्के गेले, उरलेल्यावर कर साधारण एक तृतीयांश धरला, तर हातात ९५ हजार. मायनर लीगमध्ये (मेजर लीगच्या खालच्या पायऱ्यांवर) पाच वर्षं काढावी लागली तर वर्षाला १९ हजार. मायनर लीगचा पगार २०२३ च्या करारानंतर बराच सुधारला, तरी त्या करारात सिंगल-ए (खालची पायरी) ला वर्षाला २६,२०० डॉलर आणि ट्रिपल-ए (सर्वात वरची पायरी) ला ३५,८०० डॉलर एवढंच होतं. मेजर लीगचा किमान पगार २०२५ मध्ये ७,६०,००० डॉलर, पण तो तिथं असलेल्या दिवसांपुरता. बोनस आला की पहिल्याच महिन्यात पिकअप ट्रक घेणारी पोरं दर वर्षी दिसतात.

मेजर लीगमधले दिवसही स्वतः मोजा. १७२ दिवसांचं एक वर्ष धरतात. साधारण तीन वर्षांनी पगाराचा वाद लवादापुढे नेता येतो, सहा वर्षांनी फ्री एजंट, म्हणजे हव्या त्या टीमशी करार करायला मोकळा. ४३ दिवस भरले की किमान पेन्शन लागू होतं. चाळिसाव्या दिवशी खाली पाठवलेल्या खेळाडूला हा आकडा माहीत नसेल, तर त्याचा एजंट काय करतो हे विचारायला हवं.

बाळंतपणाच्या वेळी मैदानात असणं

हंगाम १६२ मॅचचा, त्यातल्या ८१ बाहेरगावी. फेब्रुवारीच्या मध्यापासून सप्टेंबरच्या शेवटापर्यंत घर एकटी बायको चालवते. २०११ पासून बाप होणाऱ्या खेळाडूला एक ते तीन दिवसांची हक्काची रजा मिळते, तरी ती घ्यायला पोरं लाजतात. मेट्सचा डॅनियल मर्फी २०१४ मध्ये हंगामाच्या पहिल्या दोन मॅच सोडून बायकोजवळ गेला, तेव्हा रेडिओवर त्याच्यावर तोंडसुख घेतलं गेलं. त्याच वर्षी तो ऑल-स्टार झाला, म्हणजे लीगमधल्या निवडक खेळाडूंच्या संघात आला. दोन मॅचनं कोणाचं काही अडलं नाही.

वेळापत्रक हातात आलं की फ्रिजवर लावा आणि सुट्टीच्या तारखा आधी रंगवा. हंगामात बाळंतपण येणार असेल तर घरच्या गावातलंच हॉस्पिटल ठरवा. बदलीच्या टीमच्या गावातलं नको, कारण तिथून एका फोनवर हलवतात. रात्री गाडी कोण काढणार ते शेजाऱ्यांशी आधी बोलून ठेवा. त्या पंधरवड्यातल्या प्रत्येक दौऱ्याहून परतीचं विमानाचं तिकीट तारीख बदलता येईल असंच काढा. शंभर डॉलर जास्त पडतात, पडू द्या.