सुट्टीतली कमाई: हिरांचा खराटा

आपलं ताट घासणं, अंथरूण काढणं, तुळशीला पाणी घालणं याचे पैसे मुलांना देऊ नयेत. ही घरातल्या सगळ्यांचीच कामं. त्यांना एकदा भाव लागला की साध्या मदतीलाही "किती देणार?" हा प्रश्न येतो. पैसे द्यावेत ते बाहेर विकल्या जाणाऱ्या कामाचे. परसात माड असेल तर मे महिन्यात हिरांचा, म्हणजे माडाच्या पातीतल्या कडक काड्यांचा, खराटा हे काम फार चांगलं.

एका झावळीला साधारण २०० ते २५० पाती असतात. गळून पडलेल्या झावळ्याच घ्या. मुलाला माडावर चढवू नका. पातीच्या मधला हीर सुरीने दोन्ही बाजूंनी खरवडून मोकळा करायचा. सुरी हातात द्यायची ती १० वर्षांनंतरच, मोठं माणूस शेजारी बसलेलं असताना. त्याहून लहान मुलांनी हीर लांबीप्रमाणे निवडावेत.

बहुतेक खराटे बिघडतात ते घाईमुळे. ओले हीर बांधले तर सुकताना आक्रसतात, सुंभ सैल पडतो आणि हीर एकेक करून गळतात. ओल राहिली तर बुरशीही धरते. म्हणून दोन-तीन कडक उन्हं द्या. मग मूठभर हीर घेऊन जाड टोकं जमिनीवर आपटून सारखी करा. टोकांपासून दोन बोटांवर एकदा आणि तिथून चार बोटं वर पुन्हा, सुंभ करकचून बांधा. जाड टोकांच्या बाजूने मधोमध लाकडाची पाचर ठोका, म्हणजे बांध आणखी आवळतो. खराटा जोरात झटकून बघा. हीर सुटले तर पुन्हा बांधायचा. पैसे पक्क्या खराट्याचे, घालवलेल्या वेळेचे नाहीत.

भाव मुलानेच गोव्यातल्या म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात विचारावा. पावसाआधी पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्यासाठीच्या साठवणीची, खरेदी चालू असते, तेव्हा शेजारीही घेतात. सुंभ आणि बसभाडं वहीत खर्चात लिहायलाच हवं. तो खर्च आईबाबांनी गुपचूप सोसला तर मूल सगळ्या विक्रीलाच नफा समजतं.

काजूबिया भाजायला मात्र मुलांना बसवू नका, टरफलातला चीक कातडी भाजतो. शिवाय १४ वर्षांखालच्या मुलाने घरच्या कामात शाळेनंतर किंवा सुट्टीत हातभार लावणं कायद्याला चालतं, दुसऱ्याच्या दुकानात राबणं नाही.

१० वर्षं पूर्ण झाली आणि ₹५०० साठले की पोस्टात मुलाच्या स्वतःच्या नावावर बचत खातं उघडता येतं.