माळ दुरुस्त करायचाय? आधी खड्डे खणायचं थांबवा

जून लागला की आपल्या सोलापुरात प्रत्येक ग्रुपवर तोच मेसेज, रविवारी माळावर झाडं लावायला चला. मीपण दोन वर्षं गेलो, गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया, बाहेरनं आणलेलं झाड) लावलं, फोटो काढले, आणि मग लक्षात आलं की आपण चांगल्या माळाचं वाटोळं करायलोय.

सगळ्यात आधी हे ठरवा की परत काय आणायचंय. कागदावर 'पडीक' लिहिलं म्हणून तिथं कधी जंगल होतं असं नाही ना, आपल्याकडं पाऊस साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, खाली मुरूम, तिथं गवतच येणार. सोलापूरजवळच्या नान्नजला 1979 मध्ये अभयारण्य झालं ते माळढोकासाठी, आणि तो पक्षी उघड्या जमिनीवर बहुतेक एकच अंडं घालतो, त्याला तुमची सावली काय कामाची? म्हणून गावातल्या म्हाताऱ्या धनगराला गाठा, इथं आधी कुठलं गवत होतं विचारा. पवन्या, मारवेल, कुसळी अशी नावं फटाफट सांगतील.

रॉबर्ट एलियट नावाच्या तत्त्वज्ञाने 1982 मध्ये म्हटलं होतं की माणसाने पुन्हा घडवलेला निसर्ग म्हणजे हुबेहूब काढलेलं नकली चित्र, मूळची किंमत त्याला येत नाही. खाणवाले 'नंतर नीट करून देतो' म्हणतात तेव्हा हे आठवावं, मुद्दा बरोबरच आहे. पण आपल्या माळावर पिढ्यान् पिढ्या मेंढरं चरलीत, अस्सल कोरा माळ आणायचा कुठून, मेंढरंपण त्या मूळ चित्रातलीच की.

म्हणून कायमचं कुंपण नको. मालकाची नाहीतर ग्रामपंचायतीची परवानगी घ्या (वनखात्याच्या जमिनीत स्वतःहून हात घालू नका), दोन पावसाळे चराई बंद, मग बी झडल्यावर मेंढरं सोडायची. गिरिपुष्प, वेडी बाभूळ मुळासकट काढा, नुसती तोडली तर दुप्पट फुटते. बोर, हिवर असतील तर राहू द्या. जिथं अगदीच उघडं पडलंय तिथंच बी टाका, दिवाळीच्या सुमाराला शेजारच्या चांगल्या माळावरनं ओरबाडून आणायचं, कोरडं ठेवायचं आणि जूनमध्ये लेंडीखत-मातीत कालवून फेकायचं, नांगर अजिबात नको.

पहिल्या वर्षी काही दिसत नाही, लोक हसतात. पुढं कधीतरी पँटभर कुसळं घेऊन घरी याल, घरचे ओरडतील, ती कुसळं कचऱ्यात टाकू नका, बी आहे ते.