नागपूरच्या उन्हात कॉफीचं झाड: अरॅबिका लावायची की रोबस्टा?

नर्सरीतून 'कॉफीचं रोप' आणलं की आधी ते कोणत्या प्रजातीचं आहे ते बघा. सावली किती लागेल, एक रोप पुरेल की दोन लागतील, हे सगळं त्यावरच ठरतं. कॉफीच्या शंभराहून जास्त प्रजाती आहेत, पण बाजारातली जवळजवळ सगळी कॉफी अरॅबिका आणि रोबस्टा या दोघींचीच. तिसरी लायबेरिका आपल्याकडे क्वचित दिसते. मात्र आपल्या मळ्यांत प्रसिद्ध असलेल्या एस. ७९५ या अरॅबिका वाणात तिचा अंश आहे. तांबेरा रोगाशी झुंजण्याची ताकद त्याला तिच्याकडूनच मिळाली.

ओळख पानावरून करा. अरॅबिकाचं पान १० ते १५ सेंमी लांब, अरुंद, गडद हिरवं आणि चकचकीत असतं. रोबस्टाचं त्याच्या जवळपास दुप्पट, रुंद, शिरांमध्ये फुगलेलं आणि लहरी कडांचं. लायबेरिकाचं मोठं, जाड आणि चामड्यासारखं चिवट. अगदी लहान रोपात हा फरक कळत नाही. सहा-सात जोड्या पानं आलेलं रोप घ्या. दाणा हाती असेल तर काम सोपं आहे. अरॅबिकाचा दाणा लांबट आणि मधली चीर वळणदार. रोबस्टाचा गोलसर आणि चीर सरळ. कॅफिन अरॅबिकात साधारण १.२ टक्के, तर रोबस्टात २ टक्क्यांच्या वर.

आता हवामान. अरॅबिकाला १५ ते २५ अंश मानवतं, मळे १००० ते १५०० मीटर उंचीवर असतात. रोबस्टाला २० ते ३० अंश आणि ५०० ते १००० मीटर. चिखलदरा ११०० मीटरच्या आसपास आहे, म्हणून तिथे कॉफी होते. नागपूर जेमतेम ३१० मीटरवर, आणि मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे. म्हणजे इथे दोघींनाही उन्हाळा जड जातो. रोबस्टा उष्णता जास्त सोसते, पण तिची मुळं वरच्या थरात पसरतात, त्यामुळे पाण्याचा खंड तिला सोसत नाही. थंडीही तिला अरॅबिकापेक्षा जास्त बाधते. जानेवारीत रात्रीचा पारा १० च्या खाली आला की कुंडी भिंतीच्या आडोशाला घ्या.

बहुतेकांची फसगत होते ती परागीकरणात. अरॅबिकाचं फूल स्वतःच्याच परागावर फळ धरतं, त्यामुळे एकटं झाडही फळतं. रोबस्टाला आणि लायबेरिकालाही दुसऱ्या झाडाचा पराग लागतो. रोबस्टाचं एकच झाड पांढऱ्याशुभ्र फुलांनी भरतं, पण फळ धरत नाही. दोन झाडं लावली, पण दोन्ही एकाच झाडाच्या कलमाची असली, तरी उपयोग नाही. बियांपासून वाढलेली निदान दोन वेगवेगळी रोपं हवीत. म्हणून गॅलरीत एकच कुंडी मावत असेल तर अरॅबिकाच लावा. अंगणात जागा आणि झाडांची सावली असेल तर रोबस्टाचा विचार करा.

कुंडी १४ इंची. दोन भाग लाल माती, एक भाग कुजलेलं शेणखत, एक भाग कोकोपीट आणि थोडी जाड रेती. आपली काळी माती घालू नका: तिच्यात चुना असतो आणि पाणी तुंबतं, तर कॉफीला ६ ते ६.५ सामूची (पीएच), म्हणजे किंचित आम्लधर्मी, निचऱ्याची माती लागते. नवी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या दिसल्या, तर झाडाला लोह मिळत नाही असं समजा. लिटरभर पाण्यात १ ग्रॅम चिलेटेड लोह (मुळांना सहज घेता येईल अशा रूपातलं लोह) विरघळवून मातीत द्या. आरओ मशिनचं वाया जाणारं पाणी घालू नका, त्यातल्या क्षारांनी पानांच्या कडा करपतात.

मार्च ते जून पन्नास नव्हे, पंचाहत्तर टक्के सावली देणारा ग्रीन नेट लावा आणि गच्चीऐवजी पूर्वेकडची गॅलरी निवडा. पानाच्या मधोमध कोरडे तपकिरी डाग पडले तर ते ऊन लागल्याचे. सकाळी लवकर पाणी द्या, मातीवर वाळल्या पानांचं आच्छादन घाला. कूलरच्या झोतासमोर कुंडी ठेवू नका.

फुलोऱ्याचं तंत्र संत्र्याच्या बहारासारखंच: आधी ताण, मग पाणी. बियांपासून तीन-चार वर्षांचं झाड झालं की जानेवारीच्या शेवटापासून तीन-चार आठवडे पाणी कमी करा, पण पानं दुपारनंतरही मान टाकून राहू लागली की थांबा. मग एकदा भरपूर भिजवा; आठवडा-दहा दिवसांत मोगऱ्यासारख्या वासाची फुलं येतात. अर्धवट पाणी दिलं तर कळ्या उमलायच्या आधीच वाळतात. अरॅबिकाची फळं पिकायला आठ-नऊ महिने, रोबस्टाची दहा-अकरा.

फळ पूर्ण लाल झाल्यावरच तोडा. दाबून बी काढा, दिवसभर पाण्यात ठेवून चिकटा धुवा आणि सावलीत वाळवा. सहा किलो फळांतून सुमारे एक किलो कच्चा दाणा निघतो. नवी रोपं करायची असतील तर बी वाळवून साठवू नका, लगेच पेरा. दोन-तीन महिन्यांत त्याची उगवण खूप घटते.