रेझिन कालवण्याआधी: तंतूवर प्रक्रिया करणाऱ्यांसाठी तयारीची यादी

घायपात, केळी नाहीतर ज्यूटचा तंतू घ्यायचा, त्यावर कॉस्टिक सोड्याची प्रक्रिया करायची, इपॉक्सीत (जमून कडक होणाऱ्या रेझिनमध्ये) बसवायचा आणि ताकद वाढली का ते बघायचं, असा प्रोजेक्ट इंजिनीअरिंग कॉलेजांत वर्षानुवर्षं चालत आलाय. चांगलाच आहे, स्वस्तातला आहे आणि शिकायलाही भरपूर मिळतं. पण बहुतेक टीम पहिल्या दिवशी सोड्याची बरणी उघडतात आणि यादी नंतर करतात. यादी आधी करा. ती सोड्यापासून सुरू होत नाही, एका ओळीपासून होते: आपल्या पॅनेलमध्ये तंतू आणि रेझिनच्या सीमेकडून, म्हणजे दोन्ही जिथे एकमेकांना चिकटतात त्या जागेकडून, नेमकं काय काम हवंय, ते वहीत लिहून गाइडना दाखवायचं.

ही ओळ औपचारिक नाही. तंतू रेझिनला घट्ट धरून असेल तर भार रेझिनकडून तंतूकडे नीट जातो. टेन्साइल (ओढून मोजलेल्या) आणि फ्लेक्सुरल (वाकवून मोजलेल्या) ताकदीचे आकडे सहसा सुधारतात. पण पकड फारच घट्ट झाली तर तडा सीमेशी वळत नाही, तंतू कापत सरळ पुढे जातो आणि इम्पॅक्टचा आकडा घसरतो. आघात झेलणाऱ्या पॅनेलमध्ये तंतू थोडे सुटून, घासत बाहेर यायलाच हवेत, कारण आघाताची ऊर्जा त्या घासण्यात खर्च होते. ‘चिकटपणा वाढवणे’ एवढंच उद्दिष्ट लिहिलेला प्रोजेक्ट त्यामुळे अर्धाच असतो. कशासाठी वाढवायचा, आणि कुठे थांबायचं, हेही लिहा.

मग तंतू. सगळा एकाच ठिकाणाहून, एकाच वेळी आणा. हिशोबाने लागेल त्याच्या दीडपट. जळगावकडे केळीचं पीक निघाल्यावर खोडांचे ढीग पडतात, तिथून तंतू मिळू शकतो. पण खोडाच्या बाहेरच्या सालींचा तंतू आणि आतल्या सालींचा तंतू सारखा नसतो, तेव्हा देणाऱ्याला विचारून दोन्ही वेगळे ठेवा. यंत्राने काढलाय की पाण्यात कुजवून, हेही विचारा. घायपात बांधावरून स्वतः तोडणार असाल तर जून पानं घ्या आणि हातमोजे घाला, पानाच्या रसाने हाताला खाज सुटते. आणलेल्या तंतूचे गठ्ठे करून प्रत्येकाला धातूची किंवा प्लास्टिकची खूणचिठ्ठी बांधा. कागदाची चिठ्ठी सोड्यात विरघळून जाते, आणि मग कोणता गठ्ठा किती तास भिजला हे कुणालाच सांगता येत नाही.

आता या यादीतली सर्वांत दुर्लक्षित गोष्ट: कंट्रोल सॅम्पल. प्रक्रिया न केलेला तंतू म्हणजे पोत्यातून काढून थेट साच्यात घातलेला तंतू नव्हे. प्रक्रिया केलेला गठ्ठा चार तास भिजतो, अनेकदा धुतला जातो, ओव्हनमध्ये वाळतो. त्यात धूळ, माती, गर निघून जातो आणि ओलही जाते. कंट्रोलचा गठ्ठाही तेवढेच तास साध्या डिस्टिल्ड वॉटरमध्ये ठेवा, तितक्याच वेळा धुवा आणि त्याच ओव्हनमध्ये, त्याच ट्रेवर वाळवा. दोघांत फरक फक्त सोड्याचा हवा. नाहीतर नुसत्या धुण्या-वाळवण्याचा फायदा सोड्याच्या खात्यावर जमा होतो, आणि व्हायवात कुणी नेमका हाच प्रश्न विचारला की गप्प बसावं लागतं.

ओल हा विषय पावसाळ्यात जास्तच त्रास देतो. ज्यूटचा व्यापार करताना १३.७५ टक्के ओल धरूनच वजनाचा हिशोब करतात. बाकीचे वनस्पतिजन्य तंतूही पाणी असंच धरून ठेवतात. हे पाणी इपॉक्सी जमताना, किंवा पुढे ओव्हनमधल्या पोस्ट-क्युअरमध्ये (जमलेलं पॅनेल पुन्हा तापवताना), वाफ होऊन सीमेवरच बुडबुडे करतं. म्हणून लेअपच्या, म्हणजे तंतू साच्यात मांडून रेझिन भरण्याच्या, आदल्या रात्री तंतू ८० अंश सेल्सिअसला वाळवायचा, डेसिकेटरमध्ये (आत ओल शोषणारी जेल असलेल्या बंद भांड्यात) थंड करायचा आणि बाहेर काढल्यावर गप्पा न मारता वापरायचा. डेसिकेटरमधली सिलिका जेल निळी आहे की गुलाबी झालीय, ते आधी बघा. गुलाबी असेल तर ती नुसती शोभेला ठेवलेली आहे. ओल्या हवेत अमाइन हार्डनरचाही (इपॉक्सी जमवायला तिच्यात मिसळतात त्या रसायनाचा) त्रास असतो: हवेतलं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड घेऊन पृष्ठभागावर मेणचट थर येतो. जमलं तर लेअपचे दिवस दिवाळीनंतर धरा.

सोड्याची तयारी. वापरात पाच टक्क्यांचं द्रावण रूढ आहे, म्हणजे लिटरमागे ५० ग्रॅम सोडियम हायड्रॉक्साइड. १ ग्रॅम तंतूला २० मिलिलिटर द्रावण धरलं तर ५० ग्रॅम तंतूला १ लिटर लागतं. बरणीतल्या गोळ्या एकमेकांना चिकटून पांढरा खडा झाला असेल तर ती बरणी बाजूला ठेवा. गोळ्यांनी हवेतली ओल आणि कार्बन डायऑक्साइड ओढून घेतलाय, वजन केलं तरी त्यात खरा सोडा किती हे कळणार नाही. भांडं एचडीपीई प्लास्टिकची बादली किंवा स्टेनलेस स्टीलचं पातेलं. अ‍ॅल्युमिनियमचा ट्रे चुकूनही नको: सोडा अ‍ॅल्युमिनियम खातो आणि हायड्रोजन बाहेर पडतो. गोळ्या पाण्यात थोड्या-थोड्या टाकायच्या, पाणी गोळ्यांवर ओतायचं नाही, कारण विरघळताना बरीच उष्णता निघते आणि द्रावण उसळू शकतं. चष्मा, नायट्राइलचे मोजे, पूर्ण बाह्यांचा एप्रन. डोळ्यात उडालं तर लगेच वाहत्या पाण्याखाली निदान १५ मिनिटं, आणि मग डॉक्टर. नळ किती पावलांवर आहे ते काम सुरू होण्याआधी चालून बघा.

तंतू बुडाला की काही वेळातच द्रावण पिवळं, मग चहासारखं होतं. हेमिसेल्युलोज, पेक्टिन, मेण आणि थोडं लिग्निन निघून येतंय, त्याचा हा रंग. ही भर गेल्यामुळे पृष्ठभाग खडबडीत होतो आणि सेल्युलोज उघडं पडतं, रेझिनला धरायला जागा मिळते. मात्र हीच भर तंतूच्या आतले बारीक तंतुक एकमेकांना बांधून ठेवत असते. द्रावण जास्त तीव्र केलं किंवा तास वाढवले तर तंतू उकलतो आणि स्वतःच कमजोर होतो. जॉन मर्सरने १८४४ मध्ये सुती कापडावर सोड्याचा हा परिणाम पाहिला आणि १८५० मध्ये पेटंट घेतलं. आजही ‘मर्सरायझेशन’ म्हणतात ते यावरून. कापडाला चमक आणि रंग धरण्याची क्षमता हवी असते, आपल्याला पकड हवी असते, त्यामुळे कापडगिरणीतली तीव्रता जशीच्या तशी उचलायची गरज नाही. एक प्रयोग तीन वेळांचा आखा: १, २ आणि ४ तास. प्रत्येक वेळेला तंतूचं कोरडं वजन किती घटलं ते लिहा.

धुणं कंटाळवाणं असतं आणि तिथेच घाई होते. बोअरवेलच्या जड पाण्याने सुरुवात केली तरी शेवटची दोन-तीन पाणी डिस्टिल्डचीच हवीत, नाहीतर कॅल्शियमचा थर तंतूवर बसतो. मध्ये एकदा १ टक्का अ‍ॅसिटिक आम्लाचं पाणी द्या. पीएच पेपर बादलीतल्या पाण्यात बुडवून समाधान मानू नका. गठ्ठा मुठीत पिळून जे थेंब निघतात त्यांचा पीएच बघा. बाहेरचं पाणी ७ दाखवतं तेव्हा आतलं कित्येकदा ९ असतं.

सिलेन, म्हणजे तंतू आणि रेझिन यांना जोडणारं रसायन, लावणार असाल तर आधी रेझिन ठरवा, मग सिलेन मागवा. इपॉक्सीसाठी अमिनो किंवा ग्लायसिडॉक्सी सिलेन, पॉलिएस्टर आणि व्हिनाइल एस्टरसाठी मेथाक्रिलॉक्सी. इथॅनॉल आणि पाणी ९५:५ असं घेऊन त्यात १ ते २ टक्के सिलेन, बहुतेक सिलेनना पीएच ४.५ ते ५.५ च्या दरम्यान. अमिनो सिलेन स्वतःच अल्कली असल्यामुळे त्याला आम्लाची गरज पडत नाही. द्रावण त्याच दिवशी करून त्याच दिवशी वापरायचं. ढवळताना दुधाळ झालं तर सिलेनचे रेणू तंतूला सोडून एकमेकांनाच जुळलेत असं समजून ओतून द्या. लावून झाल्यावर ११० अंशाला तासभर, म्हणजे बंध पक्के होतात. एक गोष्ट मात्र विक्रेत्याच्या माहितीपत्रकात कमी दिसते: काचेवर सिलेनचा बंध जितका टिकतो तितका सेल्युलोजवर पाण्यात टिकत नाही. म्हणून निम्मी सॅम्पल्स पाण्यात ठेवून मगच तपासायचं आधीच ठरवा.

ग्लास फायबर वापरणाऱ्यांची यादी छोटी. बाजारातलं कापड कोरं नसतं, कारखान्यातच त्यावर साइझिंग, म्हणजे रसायनाचा पातळ लेप, चढलेलं असतं. ते इपॉक्सीला चालणारं आहे का, हे बिलावर लिहून घ्या. चॉप्ड स्ट्रँड मॅट (तंतूच्या आखूड तुकड्यांची चटई) शक्यतो टाळा: त्यातलं तुकडे जोडून ठेवणारं बाइंडर पॉलिएस्टरमधल्या स्टायरीनने विरघळावं म्हणून बनवलेलं असतं, इपॉक्सीत ते तसंच राहतं आणि मॅट नीट भिजत नाही. कार्बनवर इपॉक्सीचं साइझिंग बहुधा असतंच. ते काढून नायट्रिक आम्लात उकळण्याची हौस करू नका. पृष्ठभागाला ऑक्सिजनचे गट मिळतात खरे, पण तंतूवर खड्डे पडून ताकदही जाऊ शकते. कार्बनची बारीक कुसळं विजेची वाहक असतात, तेव्हा कापणं कॉम्प्युटर आणि कंट्रोल पॅनेलपासून लांब.

पॅनेलने भार पेलण्याबरोबर आणखी काही काम करावं, अशी इच्छा असेल तर यादी वेगळ्या वळणावर जाते. उदाहरणार्थ, काचेच्या तंतूवर कार्बन नॅनोट्यूबचा लेप देऊन ताण पडल्यावर विजेचा रोध कसा बदलतो ते मोजायचं. इथे पकड वाढवायला दिलेला सिलेनचा जाड थर नॅनोट्यूबच्या मध्ये इन्सुलेशनसारखा बसतो. पकड येते, पण सिग्नल हरवतो. स्वीडनमधल्या चाल्मर्स विद्यापीठात लिफ आस्प यांच्या गटाने कार्बन तंतूंचीच बॅटरी केली. २०२१ मध्ये किलोमागे २४ वॉट-तास आणि २५ गिगापास्कल कडकपणा, २०२४ मध्ये ३० वॉट-तास आणि ७० गिगापास्कल. तिथे मॅट्रिक्सने (तंतूंभोवतीच्या पॉलिमरने) तंतूला धरायचंही असतं आणि आयन जाऊही द्यायचे असतात. घट्ट, सलग पॉलिमर धरतो चांगला पण आयन अडवतो, म्हणून एक जाळी घन आणि तिच्या छिद्रांत द्रव इलेक्ट्रोलाइट, अशी रचना करावी लागते. कॉलेजच्या लॅबमध्ये बॅटरी नको, पण रोध मोजायचा असेल तर फोर-वायर पद्धत (वीज द्यायला दोन तारा आणि व्होल्टेज मोजायला वेगळ्या दोन), सिल्व्हर पेस्ट आणि इलेक्ट्रोडची जागा लेअपच्या आधी ठरलेली हवी. नॅनोट्यूबची कोरडी भुकटी उघड्यावर हाताळायची नाही.

रेझिन. आपल्याकडे एलवाय ५५६ इपॉक्सी आणि एचवाय ९५१ हार्डनर ही जोडी सर्रास असते, वजनाने १०:१. हार्डनरचं माप अंदाजाने घ्यायचं नाही, ०.१ ग्रॅमचा काटा घ्या. एका वेळी मोठं भांडं भरून कालवू नका; खोल भांड्यात मिश्रण तापून हातातच जमतं, उथळ आणि रुंद भांडं बरं. साच्याला लावायचा सिलिकॉनचा रिलीज स्प्रे दुसऱ्या खोलीत मारा. त्याचा फवारा वाळवलेल्या तंतूवर बसला तर दोन दिवसांची सगळी प्रक्रिया फुकट. तंतूला उघड्या हाताने स्पर्शही नको, तळहाताचं तेल पुरेसं असतं.

तंतू तुकडे करून वापरणार असाल तर लांबी कात्री उचलण्याआधी हिशोबाने काढा. केली आणि टायसन यांचं १९६५ मधलं साधं सूत्र आहे: क्रिटिकल लांबी म्हणजे तंतूची ताकद गुणिले व्यास, भागिले सीमेच्या शिअर ताकदीची (सरकण्याला होणाऱ्या विरोधाची) दुप्पट. समजा तंतूची ताकद ४०० मेगापास्कल, व्यास ०.२ मिलिमीटर आणि सीमा १० मेगापास्कलची. लांबी येते ४ मिलिमीटर. मग ३ मिलिमीटरचे तुकडे तुटण्याआधीच उपटून येतील. आता हेच सूत्र उलटं बघा. सोड्याने तंतूच ३०० मेगापास्कलवर आला, तर पकड जराही न सुधारता क्रिटिकल लांबी ३ मिलिमीटर होते. म्हणजे फ्रॅगमेंटेशन चाचणीत (रेझिनमध्ये बसवलेला एकच तंतू ताणून तो किती लांबीच्या तुकड्यांत तुटतो ते बघतात) तुकडे आखूड पडले म्हणून पकड वाढली, असा निष्कर्ष काढता येत नाही. एकेरी तंतूची टेन्साइल चाचणी, प्रक्रियेआधीची आणि नंतरची, निदान २५-२५ तंतूंवर, यादीत हवीच. ही चाचणी गाळलेल्या रिपोर्टवर माझा तरी विश्वास बसत नाही.

शॉर्ट बीम शिअरसाठी (आखूड पट्टी वाकवून थरांमधली पकड बघण्याच्या चाचणीसाठी) एएसटीएम डी २३४४ या प्रमाणपद्धतीप्रमाणे पट्टीची लांबी जाडीच्या सहापट, रुंदी दुप्पट आणि आधारांमधलं अंतर चौपट. ४ मिलिमीटरच्या पॅनेलमधून म्हणजे २४ बाय ८ ची पट्टी, स्पॅन १६. कापायला डायमंड ब्लेड मिळतंय का ते वर्कशॉपमध्ये विचारून ठेवा; हॅक्सॉने कापलेल्या कडा सुटून येतात आणि आकडा त्या कडांचाच मिळतो.

एसईएमची (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची) तारीख लेअपच्याही आधी मागा, दुसऱ्या संस्थेत रांग मोठी असते. तुटलेले तुकडे झिप लॉकच्या पिशवीत, तुटलेली बाजू कशालाही न लागता. दोन्ही अर्धे एकत्र जुळवून बघण्याचा मोह टाळा, त्याने पृष्ठभाग घासला जातो. तंतू आणि इपॉक्सी वीज वाहून नेत नाहीत, तेव्हा सोन्याचा पातळ लेप द्यायला ऑपरेटरला सांगावं लागेल. कंट्रोल आणि प्रक्रिया केलेलं, दोन्ही एकाच मॅग्निफिकेशनला काढून घ्या. गुळगुळीत भोकं आणि कोरे तंतू दिसले तर पकड सुटलीय. तंतूच्या अंगावर रेझिनचे तुकडे चिकटून आलेले दिसले तर तडा सीमेतून न जाता रेझिनमधून गेलाय. ऑपरेटरला सुंदर जागा शोधू देऊ नका. आधी कमी मॅग्निफिकेशनचा सलग फोटो, मग त्यातल्या कुठल्या जागी आत गेलो याची खूण, आणि त्यानंतरच जवळचे फोटो.