परदेशी विद्यापीठाचा दर्जा नॅकशी ताडून पाहताना

नॅक ही भारतातल्या कॉलेज-विद्यापीठांना दर्जाची श्रेणी देणारी संस्था. तिची 'ए' श्रेणी म्हणजे जर्मनीत किती, हा हिशेब मांडायला जाऊ नका. प्रत्येक देश वेगळीच गोष्ट तपासतो. त्यापेक्षा वहीच्या पानावर चार रकाने आखा: शिक्का (म्हणजे अधिस्वीकृती, दर्जाची अधिकृत मान्यता) कशावर आहे, निर्णय कोणाचा, मुदत किती आणि शिक्का नसला तर काय अडतं.

सगळ्यात जास्त चुका पहिल्या रकान्यात होतात. नॅक (स्थापना १९९४) अख्खी संस्था तपासते, एनबीए ही दुसरी भारतीय संस्था अभियांत्रिकीसारखे एकेक अभ्यासक्रम. कॉलेजच्या फाटकावर 'ए प्लस'चा फलक असला तरी तुमच्या शाखेला एनबीए असेलच असं नाही. अभियांत्रिकीत त्याच्याही पुढे जाऊन पाहावं लागतं. २०१४ मध्ये एनबीए वॉशिंग्टन कराराची (अभियांत्रिकी पदव्यांना देशोदेशी परस्पर मान्यता देणारा करार) पूर्ण सदस्य झाली, पण त्याचा लाभ फक्त 'टिअर वन' अभ्यासक्रमांना आहे. स्वायत्त नसलेली संलग्न कॉलेजं 'टिअर टू'त येतात. म्हणून नुसतं 'एनबीए आहे' असं लिहू नका, टिअरही लिहा.

नॅकची नोंद करताना अक्षराऐवजी सीजीपीए, म्हणजे सरासरी गुणांक घ्या. ३.२५ ला 'ए' आणि ३.२६ ला 'ए प्लस'. शंभराव्या भागाने अक्षर बदलतं. प्रमाणपत्रावरची तारीखही पाहा. मुदत साधारण ५ वर्षांची असते आणि ती सरली तरी फलक उतरतोच असं नाही.

जर्मनीत दोन वाटा आहेत. एकीत अभ्यासक्रम तपासला जातो; दुसरीत विद्यापीठाची स्वतःची दर्जा-यंत्रणा तपासतात आणि ती पास झाली की विद्यापीठ आपले अभ्यासक्रम आपणच प्रमाणित करतं. अहवाल एजन्सीचा असला तरी २०१८ पासून निर्णय अधिस्वीकृती परिषदेचा. मुदत ८ वर्षं.

ऑस्ट्रेलियात टेक्साच्या (उच्च शिक्षणाची नियामक संस्था) राष्ट्रीय नोंदवहीत संस्थेचं नाव शोधा. नोंदणी जास्तीत जास्त ७ वर्षांची. विद्यापीठांना अभ्यासक्रम स्वतः मंजूर करण्याचा अधिकार आहे, त्यामुळे प्रत्येक कोर्सवर टेक्साचा शिक्का नसेल. त्याने बिचकू नका. तिथे जाऊन शिकायचं असेल तर मात्र त्या कोर्सचा क्रिकॉस क्रमांक (परदेशी विद्यार्थ्यांसाठीच्या कोर्सच्या सरकारी नोंदवहीतला) हवाच.

इंग्लंडसाठी ऑफिस फॉर स्टुडंट्स या नियामक संस्थेची नोंदवही पाहा. जुनी माहितीपत्रकं अजून क्यूएए या दर्जा तपासणाऱ्या संस्थेचं नाव देतात, पण इंग्लंडमधलं तिचं नेमून दिलेलं काम मार्च २०२३ अखेर संपलं. टीईएफचं (अध्यापनाच्या दर्जाचं) सुवर्ण, रौप्य, कांस्य मानांकन वेगळ्या ओळीत लिहा. ती नोंदणी नव्हे.

अमेरिकेत फसगतीचा धोका मोठा. सरकार स्वतः विद्यापीठांना अधिस्वीकृती देत नाही, खासगी संस्था देतात; सरकार त्या संस्थांना मान्यता देतं आणि केंद्रीय विद्यार्थी-अर्थसाहाय्य त्यावर अवलंबून असतं. बनावट अधिस्वीकृती संस्थाही आहेत. म्हणून विद्यापीठाच्या आधी, त्याला शिक्का देणारी संस्था शिक्षण खात्याच्या किंवा 'चिआ'च्या (अधिस्वीकृती संस्थांना मान्यता देणारी खासगी परिषद) यादीत आहे का ते बघा. यादीत नसेल तर त्या विद्यापीठाची ओळ तिथेच खोडा.